डागांतली चाल

४ फेब्रु., बुध.
मधूच्या माळ्यावर बाईंच्या कविता सापडल्या. पेठेबाई चौथीला आम्हाला स्वतःच्या कविता सायक्लोस्टाइल करून वाटायच्या, त्याच प्रती. दोन्ही बाजूंनी छापलेल्या, ह्या बाजूची शाई त्या बाजूला फुटलेली. वर तेलाचे डाग, कारण मधूच्या आईने त्या शेवेच्या डब्यात तळाला घातल्या होत्या. मधू त्याच्या नेहमीच्या माळव्याकडच्या हिंदीत म्हणतो, "भिया, साहित्य में स्वाद तो है." पान नाकाशी धरलं. शाईचा नाही, शेवेचाच वास. तरी वर्ग दिसला. खिडकीबाहेर गिरणीचं धुराडं, फळ्यापाशी बाई, आणि आम्ही एका सुरात,

भोंगा झाला, ऊठ पाखरा,
धूर निघाला फिरायला;
ऊन कोवळे मागुन आले
पंख तयाचे धरायला.

बाई आता नव्वदीपार, देवासला भाचीकडे. भाचीचा फोन आला होता. बाई म्हणतायत, पंधराला मुलांना बोलाव, 'भोंगा' म्हणून दाखवा म्हणावं. मुलं म्हणजे मी आणि मधू.

५ फेब्रु.
बाईंचे डोळे अधू. मोठ्या अक्षरांचं पुस्तक करून न्यायचं ठरवलं. उतरवायला बसलो, पण माझं अक्षर आता थंडीत कुडकुडल्यासारखं येतं. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी ऋतुजा (नाशिकची, इथे आय.टी.त) म्हणाली, "काका, स्कॅन करू. मशीन अक्षरं ओळखेल, मग हवी तेवढी मोठी करा."
मशीनने ओळखलं ते असं: 'भोगा झळा ऊट पाखडा ७ धूर।। निघा'. डागसुद्धा अक्षरंच समजतं बिचारं. मधूने ते चालीत म्हणून दाखवलं. ऋ. हसता हसता खाली बसली.
म्हणे आधी नॉइज काढायला हवा. चित्रात कसला आलाय गोंगाट, विचारलं. "जे अक्षर नाही ते सगळं, काका."
दिवसभर हेच डोक्यात. जे अक्षर नाही ते सगळं...

७ फेब्रु., शनि.
ऋ.ला सुट्टी, दुपारी बसलो. आधी इतकं साफ केलं की टिंबंही डाग म्हणून गेली. मग जरा हलक्या हाताने. पान असं निघालं जसं अंघोळ घालून भांग पाडलेलं पोर. मशीन आता नीट वाचतं.
घोर वेगळाच आहे. पहिल्या दोन ओळी आम्ही दोघं एक म्हणतो, तिसरीला मधू वर जातो, मी खाली. तो म्हणतो तुझी ती आरती है यार, मी म्हणतो तुझा बँडबाजा. बाईंना फोन करून विचारू म्हटलं तर पांढरा पडला. "पागल है क्या? बाईंना सांगायचं, पाठ नाहीये?"
खरंय. मलाही ते जमायचं नाही. आणि बाईंच्या चेहऱ्यावरून तरी काय कळायचं? चुकलं तरी "परत म्हणा", आवडलं तरी "परत म्हणा". पण त्यांच्यासमोर त्यांचीच कविता भलत्या चालीत... नको.

१० फेब्रु.
ऋ.ला सहज विचारलं, काढलेलं कुठे जातं? म्हणाली, "कुठे नाही. पण हवं तर दाखवते." मूळ पानातून साफ पान वजा केलं आणि उरलं ते गडद केलं. तेलाचे नकाशे, पाठीमागची उलटी शाई, आणि ओळींच्या डोक्यावर, जिथे काहीच नसायला हवं, तिथे बारीक रेघा. चंद्रकोरी.
बाईंच्या खुणा! "आधी पेन्सिल, मग गळा." आडवी रेघ म्हणजे सूर लांबवा, कोर म्हणजे वर चढा, उलटी कोर म्हणजे उतरा. आम्ही बाकावर वाकून काढायचो. कसा विसरलो होतो? डागांच्या गर्दीत पेन्सिल दिसतच नव्हती. आता अक्षरं गेली तर चाल तेवढी राहिली.
ऋ.ने खाली अक्षरं फिकी ठेवली. 'मागुन'वर कोर, म्हणजे मधू बरोबर. 'धरायला'वर उलटी, म्हणजे मी. मधूला फोन केला. फोनवरच दोघं गायलो. ऋ.ने टाळ्या वाजवल्या, तिच्या मीटिंगमधल्या लोकांनाही ऐकू गेलं म्हणे.

१२ फेब्रु.
एकच अडलंय. 'कोवळे'. त्यावर जे आहे ते कोर की शेव? मधू म्हणतो कोर, मी म्हणतो तेल. ऋ.ने मोठं करून, फिकं करून पाहिलं. "इथे मी काही सांगू शकत नाही, काका."
मधू: "बचपन में शेव इतनी गोल नहीं आती थी."

१५ फेब्रु., रवि.
देवास. बाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. एवढी मोठी अक्षरं पाहून म्हणाल्या, "मला बालवर्गात घातलंत होय रे?"
मग आम्ही उभे राहिलो. हात मागे आपोआप गेले. 'कोवळे'ला मधूच्या मताने वर चढलो. बाई म्हणाल्या, "परत म्हणा." माझ्या मताने सरळ म्हटलं. "परत म्हणा."
तिसऱ्यांदा बाईंचेही ओठ हलायला लागले. भोंगा, पाखरा, धूर, सगळं आमच्याबरोबर. मी कान तिकडे लावला. आणि नेमकं 'कोवळे'ला मधूने असा आवाज चढवला की बाईंचं काही ऐकूच आलं नाही.
पुढच्या रविवारी परत बोलावलंय. मधूने ऐन त्या शब्दाला गप्प राहायचं, असं मी सुचवलं. अजून कबूल होत नाहीये.