सतरा नंबरची चिठ्ठी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे अगदी शब्दशः. या खोलीत टेबल नाही, म्हणून फरशीवर पालथा पडून लिहितोय. आठही अंगं टेकली आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेतेस ना, की आठवेल तेव्हा? माझी तब्येत ठीक. वजन उतरलंय, डोकं पूर्वीइतकंच तापतं. एक आधीच सांगतो, हे पत्र वाचायची तुझ्यावर सक्ती नाही. मध्येच कुठेही सोडून द्यायचा तुला हक्क आहे, कारणही द्यावं लागणार नाही. आमच्या कॉलेजातल्या बाई प्रयोगाला येणाऱ्या प्रत्येकाला आम्हाला हे वाचून दाखवायला लावायच्या. आधी संमतीची सही, मग स्टॉपवॉच. तर तुझी संमती आहे असं धरून चालतो. (असं धरून चालायचं नसतं, हेही बाईंनीच शिकवलं होतं.)

माझं सगळं आयुष्य बदललं ते एका मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, एका मुलीने बिस्किटांच्या डब्यात हात घातला तेव्हा. डबा तुझाच, झाकणावर मांजर असलेला. त्यात चोवीस चिठ्ठ्या होत्या, बारांवर 'शांत', बारांवर 'गोंगाट'. मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला एवढाच प्रयोग होता बघ: गोंगाटात माणसाची स्मरणशक्ती कमी पडते का? शांत खोलीत बाराजणांना वीस शब्द दाखवायचे, गोंगाटाच्या खोलीत बाराजणांना तेच वीस, आणि कुणाला किती आठवले ते मोजायचं. कोण कुठल्या खोलीत जाणार ते चिठ्ठीनेच ठरायला हवं, आपल्या मर्जीने नाही. नाहीतर आपण हुशार माणसं नकळत एका बाजूला गोळा करतो आणि मग म्हणतो, बघा, शांततेचा किती फायदा! शांत खोली माझ्या जोडीदाराकडे होती. त्याला आम्ही सरासरी म्हणायचो, कारण उंची, मार्क, चालणं, जेवण, त्याचं सगळंच वर्गाच्या बरोबर मध्ये यायचं. गोंगाट माझ्याकडे. (बाई म्हणाल्या होत्या, 'तुझ्यासाठी वेगळी टेप लावायचीही गरज नाही.')

ती खोली अजून डोळ्यांपुढून जात नाही गं. दुसऱ्या मजल्यावरची, हिरव्या पडद्याची. कोपऱ्यात उंदरांसाठी केलेला लाकडी चक्रव्यूह, ज्यात उंदीर कुणीच कधी पाहिला नाही, आम्ही त्यात छत्र्या ठेवायचो. स्टॉपवॉच दोनदा मनगटावर आपटल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. आणि पहिली चाचणी तर तुझ्यावरच घेतली होती, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या गोंगाट म्हणून धरून. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नंबर जोडलेली बाई तू! वीस शब्द दाखवले, तू चोवीस सांगितलेस. मी विचारलं, हे वरचे चार कुठले? तर म्हणालीस, "तू एवढ्या आशेने बघत होतास, म्हटलं पोराचं काम होऊन जाऊ दे." बाईंना सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, समोरचा माणूस आपल्याला खूश करायला बघतो, ही प्रयोगातली सगळ्यात जुनी अडचण, आणि तुझ्या आत्याने ती घरबसल्या शिकवली. तेव्हा मला वाटलं होतं, जन्मभर हेच करावं.

तर मंगळवार. सोळाजण झाले होते. सतरा नंबर म्हणून ती आली. (नाव मला आजही माहीत नाही. नावांची यादी बाईंच्या खणात बंद पाकिटात असते, आमच्या हाती फक्त नंबर. ते पाकीट मी उघडलं नाही, एवढी एक गोष्ट माझ्या नावावर चांगली लिहून ठेव.) बोटांना शाई, खांद्यावर कापडी पिशवी. डब्यात हात घालून चिठ्ठी माझ्या हातात देताना म्हणाली, "माझं नशीब चिठ्ठ्यांमध्ये कधीच नसतं." मी चिठ्ठी उघडली. 'शांत'. म्हणजे ती जाणार सरासरीच्या खोलीत, वीस मिनिटं त्याच्यासमोर बसणार, आणि मी बाहेर डबा धरून उभा. आत्या, मी विचार केला नाही. (तो मी करतच नाही, हे तूच म्हणतेस.) मोठ्याने म्हणालो, "गोंगाट!" चिठ्ठी शर्टाच्या खिशात. पुढचा अठरा नंबर म्हणजे आमच्या वसतिगृहाचा रखवालदार. त्याला आली 'गोंगाट', मी त्याला सांगितलं 'शांत', आणि मनात म्हटलं, बारा-बारा झाले ना, संपलं.

संपलं कुठलं! रखवालदार रात्रपाळी करून आलेला. शांत खोली, तिथेही हिरवा पडदा, वर पंखा. पाचव्या शब्दाला तो झोपला. उठल्यावर तीन शब्द सांगितले, त्यातला एक 'उशी' होता. आणि इकडे माझ्या खोलीत चौकातल्या गाड्यांची टेप, सुतारकाम, कुठे तरी भांडण, आणि ती शांतपणे वीसच्या वीस शब्द लिहून मोकळी. मी तोंड उघडं टाकून बघतोय. म्हणाली, "आमच्या घराखाली छापखाना आहे. मशीन बंद असलं की मला उलट काही सुचत नाही. पण हे होतं कशासाठी?" आता इथे नियम असा की प्रयोग संपला की माणसाला सगळं खरं सांगायचं: कशासाठी केलं, काय लपवलं. बाकीच्यांना आम्ही घडाघडा सांगितलं. तिला म्हणालो, "नंतर सांगतो." तो 'नंतर' अजून आलेला नाही.

पंधरा दिवसांनी आकडेमोड झाली. बाकीचे बघितले तर शांत खोलीची सरासरी बारा शब्द, गोंगाटाची नऊ. चांगला तीनाचा फरक. पण एकीकडे रखवालदार आणि दुसरीकडे ती, असे दोघे धरले की फरक दीडच्याही आत आला, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो म्हणून निष्कर्ष गेला. बाईंनी दोन वर्षं वाचन करून मांडलेला प्रयोग. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी वही मागितली. बाईंची पद्धत तुला माहीत नसेल: प्रत्येक नंबरसमोर त्याची चिठ्ठी चिकटवायची. सतरासमोर नुसता सुकलेला डिंक, आणि अठरासमोर 'गोंगाट', तर रखवालदार झोपलेला शांत खोलीत. बाईंनी चष्मा काढला. "सतरा नंबरची चिठ्ठी कुठाय रे?" मी खिशातून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून वाचली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. चूक झाली तशी लिही, सहीनिशी. दोघांना बोलावून सांगू. आणि ते दोन आकडे वगळू."

वगळू! आत्या, माझं डोकं गेलं. मी ओरडलो, "ती आकडा आहे का वगळायला?" बाई म्हणाल्या, "बाळ, तिला आकडा तूच केलंस." मी चिठ्ठी उचलली, वही उचलली आणि कॉलेजमधून जो निघालो तो तुझ्या दारात. तू सगळं ऐकून घेतलंस, शेंगा सोलत म्हणालीस, "एवढंच ना? मग लिहून टाक की." मला सहानुभूती हवी होती, तू उपाय सांगितलास. म्हणून तुझंही दार आपटलं, काच फुटली, आणि मी या गावात. (काच बसवलीस, की अजून पुठ्ठाच आहे?)

इथे एका साबणाच्या पाहणीसाठी दारोदार प्रश्नावली भरत होतो. काल आमचा सुपरवायझर म्हणाला, "उरलेले चाळीस फॉर्म झाडाखाली बसून भरून टाक, माणसं सगळी तेच तेच सांगतात." मी उसळलो. ही लबाडी आहे, लोकांनी न दिलेली उत्तरं लिहायची म्हणजे काय, वगैरे सगळं बोललो, शेजारच्या टपरीवरचे लोक उठून बघायला आले. सुपरवायझर शांतपणे म्हणाला, "तू असलं कधी काही केलं नसशील, नाही का?" मी तोंड उघडलं, आणि हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. नोकरी तिथेच सोडली. बाकी क्षेम. त्या मुलीला मी पूर्ण विसरलो आहे, तेव्हा ती काळजी नको. तुझ्या गुडघ्याला जप.

तुझा,
डोकं तापलेला भाचा

ता. क. खरं तर हे लिहायला बसलो तेच यासाठी. ती वही तुझ्या शिलाई मशीनच्या पेटीत, जुन्या कापडांखाली आहे. वही हाती नसल्यामुळे बाईंचं काम अडलंय आणि सरासरीचा निकालही. (त्याचं पत्र आलं. लिहितो, 'मला मध्यम स्वरूपाचं वाईट वाटलं.') वही काढून ठेव, पण बाईंना तू नेऊन देऊ नकोस. ते मीच करतो. आणि माझी खोली रिकामी असेल तर बघ. नसेल तर ओटाही चालेल.

ता. क. २. विसरलो आहे असं वर लिहिलं ते खोटं. तिने वीस शब्द ज्या क्रमाने लिहिले होते त्या क्रमाने मला पाठ आहेत. मी तर गोंगाटाच्या खोलीतच बसलो होतो.

ता. क. ३. जावं की नाही ते ठरेना, म्हणून दोन चिठ्ठ्या टाकल्या, 'जा' आणि 'नको'. 'नको' आली. पुन्हा टाकल्या. आठव्या वेळी 'जा' आली, आणि आधी इथे तेवढंच लिहिणार होतो. पण बाई म्हणाल्या असत्या, बाकीच्या सात वेळा कुठायत? तर नोंद अशी: 'नको' सात, 'जा' एक. निष्कर्ष माझ्याविरुद्ध आहे आणि तरी मी निघालोय. बाईंना सांगायचं, सही करायची, आणि बाईंनी बोलावलं आणि ती आली, तर तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायचं. ती चिठ्ठी खिशात आहे. पत्र टपालाने चार दिवसांनी पोचेल, बस अडीच तासांत पोचते, म्हणून पत्र मीच आणतो. तू वाचेपर्यंत पायरीवर बसेन. मधूनच वाचणं सोडलंस तरी चालेल, कारण विचारणार नाही. पिशवी भरली. दिवा मालवला. खोलीबाहेर आलो, आणि या शेवटच्या दोन ओळी कागद भिंतीला टेकवून लिहितोय. दार लावून घेतो. हळूच.