निंबाळगा रोडची सोंड तोडून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागीय अभियंता साहेब,
वारसा जतन व भंगार विल्हेवाट कक्ष,
रेल्वे विभागीय कार्यालय.

अर्जदार: श्रीमंत माणिकराव बिरादार, वय पासष्ट, धंदा शेती, रा. निंबाळगा, ता. भालकी, जि. बीदर.

विषय: निंबाळगा रोड स्थानकावरील पाण्याची सोंड जतन करण्याची विनंती मागे घेऊन ती तोडून मिळणेबाबत.

संदर्भ: १) आम्हा तिघांचा सोंड वाचविण्याबाबतचा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे ‘विनंती मान्य’ असे पत्र.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदाराने आजवरचे अर्ज कन्नडमध्ये दिले आणि त्यांची उत्तरे हिंदीत आली. आपण नव्याने रुजू झालात व मूळचे उदगीरकडचे आहात असे स्टेशनसमोरच्या चहावाल्याकडून कळले, म्हणून हा अर्ज मराठीत. या भाषेत अर्जदाराला रागावताही चांगले येते, तेवढे सांभाळून घ्यावे.

१. सदर वस्तू म्हणजे फलाटाच्या टोकाला उभी असलेली, कोळशाच्या इंजिनात पाणी भरण्याची लोखंडी नळी. खाली खांब, वर फिरणारा आडवा हात आणि त्याच्या टोकाला खाली वळलेले तोंड. निजामाच्या राज्यात बसवलेली. कागदोपत्री तिला काय म्हणतात ते आपल्यालाच ठाऊक, गाव तिला सोंड म्हणते. कोळशाची इंजिने गेली, सोंड राहिली.

२. ती कशासाठी वाचवायची होती, हे आपल्या कार्यालयाने कधी विचारले नाही. तरी सांगतो. बहात्तरच्या दुष्काळाआधी गावच्या विहिरीला प्रेमानंद सोनकांबळे याच्या आईने, सुभद्राबाईंनी, हात लावायचा नाही असा दंडक होता. घागर काठाजवळ ठेवून उन्हात बसायचे. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. तहान लागली तर ओंजळ करायची आणि वरच्याने धार धरायची, भांडे द्यायचे नाही. दुष्काळात विहीर आटली आणि पाटलापासून सगळे गाव सोंडेखाली आले. मांजरेवरून पंपाने येणारे ते पाणी. इंजिनाची टाकी भरली की फायरमन साखळी तशीच ओढून धरायचा आणि ओरडायचा, “भरो रे, सब भरो!” त्या धारेखाली पाटलाची घागर आणि सुभद्राबाईंची घागर एकमेकींवर आपटल्या आणि कुणी चकार शब्द काढला नाही, कारण पाणी रेल्वेचे होते, कुणाच्या बापाचे नव्हते. सुभद्राबाईंनी आपल्या हाताने घागर भरली ती जन्मात पहिल्यांदा तिथे. अर्जदार, प्रेमानंद आणि शिवय्या स्वामी ही तीन पोरे त्याच चिखलात लोळून दोस्त झाली. ती दोस्ती परवापरवापर्यंत टिकली.

३. विजेच्या तारांच्या कामासाठी सोंड तोडणार असे कळल्यावर आम्ही तिघांनी अर्ज दिला. शिवय्या, जो आयुष्यभर स्टेशनरोडला कपडे शिवत बसला, त्याने तिघांना एकसारखे पांढरे शर्ट शिवले. साहेबापुढे जायचे तर माणसासारखे जावे म्हणून. आपल्या कार्यालयाच्या बाकावर आम्ही ते शर्ट घामाने पिवळे होईस्तोवर बसलो. शेवटी एक बाबू म्हणाला, “चाचा, लोहा है, लोहा. घर जाओ.” भंगाराचा लिलाव झाला आणि गॅसकटर घेऊन ठेकेदाराचा माणूस येणार असा निरोप आला.

४. यापुढचे अर्जदाराचे डोके. खरे सांगायचे तर त्या दिवशी अर्जदाराला आपल्या डोक्याचा भारी अभिमान वाटला होता. आपल्या भागात रस्त्यातला दगड कुणी हलवू नये असे वाटले तर त्याला शेंदूर फासतात, हे साहेबांना ठाऊक असेलच. बुलडोझरवाला कलेक्टरला भीत नाही, शेंदराला भितो. अर्जदाराने सोंडेचा गणपती करायचे ठरवले, शेंदूर आणला, तेल आणले, शिवय्याने मंत्र म्हणायचे कबूल केले. प्रेमानंदने मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधले. बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा त्याने लहानपणी बापाच्या मांडीवर बसून पाठ केलेल्या. मग म्हणाला, “गणपतीला मी मानत न्हाई. शेंदराला हात लावणार न्हाई. पण शिडी धरतो. लोखंड वाचायलंय न्हवं?” भर दुपारी, गाव झोपले असताना, अर्जदार शिडीवर चढला आणि प्रेमानंदने खालून शिडी धरली.

५. ठेकेदाराचा माणूस आला. सोंडेकडे बघितले, चपला काढल्या, पाया पडला आणि गॅसकटर परत टेम्पोत टाकून निघून गेला. आम्ही तिघे चहाच्या टपरीमागे तोंडात पंचे कोंबून हसलो. प्रेमानंदच्या डोळ्यांतून पाणी आले. तो म्हणाला, “श्रीमंत, तू लबाड हायस बघ.” एवढे कौतुक अर्जदाराचे आजवर कुणी केले नव्हते.

६. महोदय, लोक गणपती करायला जातात आणि मारुती होतो. अर्जदार भंगार वाचवायला गेला आणि गणपती झाला. दुसऱ्या दिवशी तिथे एक नारळ होता. कुणी फोडला ते आजतागायत कळले नाही. मग गावातल्या गंगव्वाची हरवलेली म्हैस सोंडेजवळ गवत खाताना सापडली. म्हशीला गवत दिसले म्हणून ती तिथे गेली, हे सांगून अर्जदाराची जीभ झिजली. नवस सुरू झाले. सोंडेवर पितळी डोळे चिकटले. मादन हिप्परग्याहून बायका येऊ लागल्या, गाणगापूरला निघालेल्या महाराष्ट्रातल्या गाड्याही वाट वाकडी करून येतात. नाव पडले सोंडेश्वर. आप्पाराव पाटलांनी कमिटी केली, पत्र्याचा मांडव घातला. लोखंडी कठडा कुणी दान दिला म्हणता? त्याच ठेकेदाराने! वरचे तोंड तेवढे उघडे दिसत होते. देवाला असले भोक शोभेना, म्हणून कमिटीने ते सिमेंटने बुजवले. ज्या तोंडातून गाव पाणी प्याले, त्यात आता सिमेंट आहे.

७. पुजारी कोण, तर शिवय्या. अर्जदाराने त्याला मांडवाबाहेर बोलावून आईबापावरून शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, “श्रीमंता, जन्मभर लोकांच्या पँटीची मापं घेतली, त्यांच्या पायाशी बसून. आता लोक माझ्या पायाशी बसायलेत. तुला कामून बघवत न्हाई?”

८. सुभद्राबाई वारल्या त्या तारखेला प्रेमानंद दरवर्षी सोंडेपाशी येतो. फुले नाहीत, उदबत्ती नाही. लोखंडावर तळहात ठेवतो, थोडा वेळ उभा राहतो आणि जातो. यंदाही आला. कठड्याचे दार उघडून आत गेला आणि तळहात ठेवला. आप्पाराव पाटील ओरडले. दोन पोरांनी प्रेमानंदला काखेत हात घालून, पोते उचलावे तसे उचलले आणि कठड्याबाहेर ठेवले. पासष्टीचा माणूस, त्याची एक चप्पल आतच राहिली. ती काठीने बाहेर ढकलली गेली. पाटावर बसलेला शिवय्या म्हणाला, “प्रेमानंद, मनाला लावून घेऊ नको. देवाचं हाय, आपल्या हातात न्हाई.” मग देव धुतला. धुवायला पाणी टँकरने आणावे लागले, कारण सोंडेचे पाणी केव्हाच तुटलेले आणि तोंडात सिमेंट.

९. अर्जदार तेव्हा तिथेच होता आणि गप्प बसला नाही. घसा फाटेस्तोवर ओरडला की अरे मूर्खांनो, हे लोखंड आहे, देव नाही, हा शेंदूर मी फासलाय, या हातांनी! वाटले, चला, संपले एकदाचे. तेवढ्यात गंगव्वा पुढे आली आणि अर्जदाराच्या पायावर डोके ठेवून रडू लागली. पहिला शेंदूर देवाने ज्याच्या हातून लावून घेतला तो हा पुण्यवान! तिच्यामागे रांग लागली. अर्जदार पाय मागे घेतो आहे आणि लोक ते ओढून धरताहेत, हे सगळे प्रेमानंद कठड्याबाहेर एका पायात चप्पल घालून बघत होता. तो एवढेच म्हणाला, “श्रीमंत, शिडी मी धरली व्हती. ते बी सांग की त्यांना.”

अर्जदाराने तेही सांगितले. दुसऱ्या दिवशी कमिटीची माणसे अर्जदाराच्या घरी आली आणि गोमूत्राने शिडी धुवून गेली.

पोलिसांत जाऊ म्हणालो, कायदा आहे. प्रेमानंद म्हणाला, “केस करून काय मिळंल, देवाला हात लावायची परवानगी? मला देव कशाला पायजे? मला माझ्या आईची नळी पायजे व्हती.” त्यानंतर तो अर्जदाराशी बोलेनासा झाला.

१०. म्हणून अर्जदाराने आपल्या कार्यालयास लिहिले की सदर वस्तू देव नसून रेल्वेची मालमत्ता आहे असे जाहीर करावे. त्यावर संदर्भ क्र. २ चे पत्र आले. त्यात लिहिले आहे की, आपली मूळ विनंती वस्तू जतन करण्याची होती, ती मान्य करण्यात येत आहे, वस्तू लोकसहभागातून उत्तम रीतीने जतन झाली आहे, आपले अभिनंदन, प्रकरण निकाली. सोबत संगमरवरी पाटी आली. ‘रेल्वेचा हा वारसा जतन करणारे ज्येष्ठ नागरिक’ आणि खाली तीन नावे. प्रेमानंद सोनकांबळे हे नाव मधले. आपल्या आधीचे साहेब स्वतः पाटी बसवायला आले, नारळ वाढवला, शाल घेतली. पाटी कठड्याच्या आत आहे. प्रेमानंदच्या नावावर रोज हळदीकुंकू पडते आणि प्रेमानंदने बाहेर उभे राहायचे. साहेब, असा छळ करायला डोके लागते. आमच्याकडून तो फुकट झाला.

११. सबब, अर्जदाराची विनंती अशी:

(अ) सदर सोंड मुळापासून कापून भंगारात विकावी. रेल्वेचे लोखंड रेल्वेने न्यावे.

(ब) ते जमत नसेल तर तिच्या तोंडातले सिमेंट काढून तिला एकदा, एकदाच, पाणी जोडावे आणि आपल्या कुणा माणसाने साखळी ओढून ‘सब भरो’ असे मोठ्याने म्हणावे. कोण मागे सरकतो ते तरी दिसेल.

(क) तेही जमत नसेल तर पाटीवरून अर्जदाराचे नाव छिन्नीने काढावे. छिन्नी अर्जदार देईल.

लोकांच्या भावना दुखावतील असे आपण लिहाल. दुखावू द्या. एका माणसाच्या दुखावल्या तेव्हा टँकर आला होता, आता बाकीच्यांसाठीही मागवू.

१२. (हा परिच्छेद अर्ज लिहून झाल्यावर जोडला आहे.) या अर्जावर दोघांच्या सह्या असाव्यात म्हणून अर्जदार काल तो घेऊन प्रेमानंदच्या घरी गेला. प्रेमानंदने दारातच चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून वाचला. मग कागद परत दिला आणि म्हणाला, “माझी आई तिथं हातानं पाणी भरली. ते तोडा म्हणून मी सही करू व्हय? अन् ऱ्हाऊ द्या म्हणून तरी कशी करू? तू लावलास, तूच काढ.” अर्जदार उन्हातून चालत गेला होता, घशाला कोरड पडली होती. त्याने पाणी मागितले. या घरात अर्जदार लहानपणापासून जेवला आहे, त्या घरच्या तांब्याला तोंड लावून पाणी प्याला आहे, आणि त्यासाठी स्वतःच्या बापाचा मारही खाल्ला आहे. प्रेमानंदने तांब्या आणला. उंबऱ्याच्या आत उभा राहिला. अर्जदाराने हात पुढे केला, तर त्याने तांब्या दिला नाही. म्हणाला, “ओंजळ कर.”

अर्जदाराने ओंजळ केली. त्याने वरून धार धरली, आणि अर्जदार प्याला.

तरी कृपया गॅसकटर लवकर पाठवावा.

अजूनही नम्र राहण्याचा प्रयत्न करणारा,

(सही)
श्रीमंत माणिकराव बिरादार

(दुसऱ्या सहीची जागा रिकामी सोडली आहे.)

स्थळ: निंबाळगा
दिनांक: १९ मे २०२५

सोबत:
१. ‘विनंती मान्य’ या पत्राची प्रत.
२. पाटीचा फोटो, कठड्याबाहेरून काढलेला.
३. सोंडेवरचा शेंदूर, खरवडून पुडीत बांधलेला. पुडी उघडून पाहावी. शेंदराला आतल्या बाजूने रेल्वेचा काळा रंग चिकटलेला आहे.