वॉशिंग्टनला वेंडेलिनचा दणका

३ मार्च, सकाळ
अमेरिकेने आमच्या जर्मन वाईनवर आयातकर लावला! सत्तर वर्षं आमच्या गावाला खेटून लष्करी तळ थाटायचा, आमचीच वाईन ढोसायची आणि दंड आम्हालाच. ब्रुसेल्सचे युरोपियन युनियनवाले नुसती चिंता व्यक्त करतायत. शेपूटघाले. मी हॉटेलच्या दारावर पाटी ठोकली: ‘अमेरिकनांना प्रवेश बंद. कर उठवा, मग या.’ महिनाभर जेवणाचे हाल झाले की सैनिकच वॉशिंग्टनला फोन करतील.
बायको गेर्लिंडे म्हणाली, आपली निम्मीअधिक गिऱ्हाइकं तीच आहेत. तिला परराष्ट्र धोरण कळत नाही.

७ मार्च
कोपऱ्यातल्या राखीव टेबलावरच्या चौघा मित्रांनी पाठ थोपटली. एगोन म्हणाला, “वेंडेलिन, जर्मनीत मर्द उरलाय तो तू एकटा.” मग चौघांत मिळून एक मोठा ग्लास वाईन-सोडा मागवला आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तोच फिरवत बंद होईपर्यंत पुरवला. बाकी टेबलं रिकामी. जरब बसलेली दिसते.

१५ मार्च
गेर्लिंडेने मांस-बटाटे भरून केलेलं डुकराचं पोट सलग तिसऱ्या दिवशी आम्हीच खाल्लं. कर उठलेला नाही. तिकडे बातमी पोचायला वेळ लागतोच.

२ एप्रिल
एगोन आणि कंपनी पित्झावाल्याकडे! एका अमेरिकन सार्जंटच्या खर्चाने पीत होती. जाब विचारला तर म्हणे, इथे जरा गजबज असते. हरामखोर! देश विकून खाल्ला. त्यांचं टेबल आजच तोडून जाळतो.

२ एप्रिल, संध्याकाळ
अस्सल ओक. तुटत नाही.

९ एप्रिल
गेर्लिंडेने तळावरच्या कॅन्टीनमध्ये नोकरी धरली. चूल पेटती ठेवायला कुणीतरी कमवायला नको का, म्हणे. ज्यांना मी हाकललं त्यांनाच ती वाढणार! अमेरिकेने माझं घर फोडलं.

११ एप्रिल
तिला गाडीने सोडतो, पण फाटकापर्यंतच. आत पाऊल टाकणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१६ एप्रिल
पाटी काढली. शरणागती नव्हे, डावपेच. गेर्लिंडेला सोडताना फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं, शनिवारपासून या सगळे, कराचं मागाहून बघू. तो मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, “मालक, आमची तुकडी शुक्रवारी घरी चालली. उन्हाळ्यात तळच बंद होणार. कॅन्टीन त्याआधी.”
म्हणजे मी जिंकलो. वॉशिंग्टनने माघार घेतली.
संध्याकाळी गेर्लिंडेला आणायला जायचंय. तिला कळलं नसलं तर मलाच सांगावं लागेल.