तुझ्या हुशार विद्यार्थ्याबरोबरचा डाव

आई, तुझा तो विद्यार्थी भेटला. ट्रॉयच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू ज्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचीस, त्यांतला सगळ्यात हुशार. ज्याचं कौतुक करताना तू माझ्याकडे बघायचीस, तो. भेटला म्हणजे माझ्यासमोर पत्ते खेळायला बसला. ते कसं झालं हे तुलाच सांगावंसं वाटतंय, कारण बाकी कोणालाही तो एकेकाळी किती हुशार होता हे आधी पटवून द्यावं लागेल, आणि त्याची वकिली करायची माझी इच्छा नाही.

इथल्या अमेरिकन शाळांनी तुझी नागपूरची बीएड मानली नाही, म्हणून तू घरीच शिकवायला लागलीस. कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, तू पोळ्या लाटते आहेस आणि टेबलाभोवती चार-पाच पोरं वह्यांत डोकं घालून बसली आहेत. एकदा दोघांच्या वह्यांत एकच चुकीचं उत्तर निघालं. तू ओरडली नाहीस. दोघांना एक अवघड गणित दिलंस, एक अगदी सोपं, आणि परत पोळपाटाकडे वळलीस. नंतर मला म्हणालीस, "ज्याला येतं, त्याला कुठे कमी वेळ लागतो, कुठे जास्त. नकलणाऱ्याला सगळी गणितं सारखीच." तो या दोघांतला नव्हता. तो कधीच नकलायचा नाही. मी घाईत वजाबाकी चुकले की तू सगळ्यांदेखत म्हणायचीस, "त्याच्याकडे बघ जरा. कसा शांतपणे विचार करतो." गणिताच्या स्पर्धेत तो राज्यात पहिला आला तेव्हा तू नागपूरहून आणलेली तुझी पितळी कंपासपेटी त्याला देऊन टाकलीस. मी मागितली नव्हती, हे खरं. पण मागावी लागेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढे मी मोटार कंपनीतली नोकरी सोडून पोकर खेळायला लागले, तेव्हा तू झारा खाली ठेवून एवढंच म्हणालीस, "त्याने नसतं असं केलं." गंमत अशी की तोही तेव्हा नोकरी सोडून हेच करत होता. हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

माझ्या धंद्यातली माणसं तू पाहिली नाहीस ते बरं झालं. स्वतःच्या बेडरूममध्ये, पायजम्यावर, कॉम्प्युटरसमोर गॉगल लावून बसणारे हे पुरुष स्वतःला ॲथलीट म्हणवतात. सकाळी पालकाचा रस पितात, ध्यान करतात आणि मग दिवसभर एकमेकांना इंटरनेटवर शिव्या घालतात. दोघांची भांडणं वाढली की कोणीतरी आव्हान देतो: फक्त आपण दोघं, तिसरा कोणी नाही, ऑनलाइन, मोठ्या रकमेवर. हजारो लोक ते बघतात. बघणारे खेळणाऱ्यांहून मूर्ख, कारण ते फुकट मूर्ख होतात. आणि मराठी मंडळाच्या गणपतीत मला "अजून तेच का गं?" असं नाक मुरडून विचारणाऱ्या काकू निघताना हळूच सांगतात, आमच्या जावयाला थोडं शिकव ना.

गेल्या हिवाळ्यात त्याने मला असंच आव्हान दिलं. त्याचे व्हिडिओ बघणारे पुष्कळ होते आणि त्यांना नवा बळी हवा होता. मी एडिसन गावातल्या माझ्या घरून खेळणार, तो ट्रॉयमधल्या त्याच्या. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "हिच्या आईनेच मला मॅथ्स शिकवलं, सो आज गुरुदक्षिणा." लोक हसले. मी हो म्हणाले, कारण मला त्याला हरवायचं होतं.

पहिल्या आठवड्यात मी हरत गेले. हरण्याचं मला काही वाटत नाही, त्याची सवय असते. पण तिसऱ्या दुपारी माझ्या लक्षात आलं की तो प्रत्येक चालीला अगदी सारखाच वेळ घेतोय. कचरा पत्ते टाकून देताना, जे कोणीही डोळे झाकून टाकेल, तेव्हाही तेवढाच. आणि अख्खा डाव पणाला लागलेला असताना, जिथे मला पाणी प्यावंसं वाटतं, तिथेही तेवढाच. मला लगेच तुझं टेबल आठवलं. हल्ली असे प्रोग्रॅम आहेत की पत्ते सांगितले की बरोबर चाल सांगतात. खेळून झाल्यावर अभ्यासाला ते सगळेच वापरतात, मीही वापरते. खेळताना वापरायला मनाई आहे. तो शेजारच्या स्क्रीनवर उत्तर बघून खेळत होता. तुझा तो, शांतपणे विचार करणारा.

मी तक्रार केली. साइटवाल्यांनी गोड भाषेत कळवलं की पुरावा पुरेसा नाही. लोकांनी मला रडकी ठरवलं. मग मी जाहीर केलं की उरलेला सामना मी समोरासमोर खेळेन, खऱ्या पत्त्यांनी, त्याच्याच गावात येऊन. तो नाही म्हणाला असता, पण त्याच्या प्रेक्षकांनीच त्याला नाही म्हणू दिलं नाही.

ट्रॉयच्या एका हॉटेलचा हॉल, बाहेर बर्फ, आत कॅमेरे. तो जाड झालाय. कपाळ तुझ्या वेळी होतं तसंच, मोठं. पहिला अवघड डाव आला आणि त्याने मान उजवीकडे वळवली. घरी तिथे दुसरा स्क्रीन असणार. इथे पाण्याची बाटली होती. तो त्या बाटलीकडे बघत बसला. नंतरही दर वेळी, मोठा डाव आला की मान उजवीकडे. त्याला साध्या शक्यताही मांडता येईनात. इतकी वर्षं न वापरल्यावर डोकं कोणाचं राहील? मी त्याला सहज हरवलं, आणि खरं सांगते, त्यात काही मजा नव्हती. गंजलेल्या कुलपाला लाथ मारल्यासारखं झालं.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी तो आला. म्हणाला, "यार, सगळेच वापरतात. तू उगाच इश्यू केलास."

"मी नाही वापरत."

"काय फरक पडतो?"

"आज पडला ना."

त्याने कपात कॉफी ओतून घेतली. मग एकदम म्हणाला, "काकूंच्या फ्युनरलला मी येणार होतो. तेव्हा एक मोठी मॅच ठरली होती, कॅन्सल नाही करता आली." मी माझ्या कॉफीत साखर घातली. त्याने विचारलं, "त्या कधी माझं नाव काढायच्या का, शेवटी?"

"नाही," मी म्हणाले. "शेवटी तिला कोणीच आठवत नव्हतं."

त्याने मान हलवली, कप कचऱ्यात टाकला आणि कॅमेऱ्यांकडे पाठ करून निघून गेला. मला बरं वाटलं. गाडी एअरपोर्टला पोचेपर्यंत बरं वाटत होतं.

नर्सिंग होममध्ये तू मला सिस्टर म्हणायला लागली होतीस. मी भात कालवून भरवायचे आणि तू थँक यू सिस्टर म्हणायचीस. पण दुपार झाली की दाराकडे बघून विचारायचीस, तो आला का? त्याला भूक लागली असेल, पोहे झाकून ठेवलेत. त्याचं नाव तू शेवटपर्यंत विसरली नाहीस. मी रोज म्हणायचे, येईल आता.

परवा त्याचा मेसेज आला. पोकर सोडतोय म्हणे, आणि तुझा एखादा फोटो असेल तर पाठव. हे पान तुला लिहिणं सोपं आहे, तू काही वाचणार नाहीस. त्याला दोनच ओळी लिहायला हव्यात. त्या मी लिहिलेल्या नाहीत. फोटोही पाठवलेला नाही.