कॅलेंडरवरची कळलावी

२ जानेवारी
दूध संस्थेची कॅलेंडरं छापून आली. वर माझा फोटो! श्रावणात लिंबागणेशच्या डोंगराखाली, बोरीच्या कुंपणावर चढलेला वेल. पोटावर पडून काढला होता. पाकळ्या वर वळलेल्या, बुडाला पिवळ्या, टोकाला लालभडक. खाली नाव 'अग्निशिखा'. चेअरमन अण्णांनीच निवडला. म्हणाले, "दुष्काळात लोकांच्या भिंतीवर एक तरी ताजं फूल राहू दे." सभासदाच्या घरटी एक. बायकोनं, सुनंदानं, आमचं देवघराशेजारी लावलं.

८ जानेवारी
गावातली जुनी सुईण मथुराबाई कॅलेंडर गुंडाळून स्टुडिओत आली. "विलास, ही कळलावी हाय बाबा. घरात आणीत न्हाईत. भाऊ भावाचा ऱ्हात न्हाई."
मी म्हणालो, कोकणात हिला गौरीचे हात म्हणतात, पूजेला वाहतात.
"कोकणात पाणी हाय. हितं काय हाय?"
मी हसलो. ती हसली नाही. कॅलेंडर टेबलावर ठेवून गेली.

२५ जानेवारी
टँकरवर वरच्या आळीतले सख्खे भाऊ भिडले. धाकट्याचं डोकं फुटलं, बीडला नेलंय. भांडण पाण्याचं. पारावर चर्चा मात्र कॅलेंडरची. अरे, ते घरोघरी आहे! कुठंही भांडण झालं तरी भिंतीवर तेच सापडणार. हे सांगायला गेलो तर एकेक जण पारावरून उठून गेला.

११ फेब्रु.
संस्थेच्या बैठकीत खुर्च्या उडाल्या. चाऱ्यावरून दोन गट. अण्णा सगळ्यांदेखत, "फूल ह्यानं दिलं. मला काय ठाव?"
बाहेर कॅलेंडरं जाळली. घरी आलो तर आमचंही गायब. सुनंदाला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

२ मार्च
लग्नाच्या दोन ऑर्डरी गेल्या. "तुमच्या हातचा फोटो नको म्हणत्यात घरचे." स्टुडिओच्या काचेवर चुन्यानं लिहिलंय, 'कळलाव्या'. पुसलं. रस्त्यानं मागं चप्पल वाजली तरी वळून बघतो आता.

१९ मार्च
थोरल्या दादाची न् माझी विहीर एकच. पाण्याची पाळी ठरलेली. आज त्याच्या पाळीत माझी मोटर चालू सापडली म्हणे.
"तू लावली का?"
"न्हाई दादा."
"मग कावून चालू हुती?"
एवढंच. पण दादा माझ्याशी असा कधी बोलत नाही. आणि मला ते फूल आठवलं. मलाच. सगळ्या गावाला येडं म्हणणाऱ्याला. त्यानं कॅलेंडर काढलंय का, विचारायचं होतं. न विचारताच घरी आलो.

२१ मार्च
पुन्हा तेच. मी मोटरीकडं फिरकलोही नव्हतो. मग दादानंच लावली, न् नाव माझ्यावर...? छे. असलं मनात आलंच कसं.

२२ मार्च
दुपारी दादा दाराशी आला. "विलास, दार उघड." सुनंदा कडीवर हात दाबून उभी, मानेनंच नको म्हणत होती. त्यानं थांबून थांबून हाका मारल्या. जन्मापासून ऐकलेला आवाज, पण रागावलाय की नेहमीसारखाच आहे, ओळखू येईना. उघडलं नाही. गेला.
मग फटीतून पाहिलं. पायरीवर घागर. काठोकाठ भरलेली. ह्या दिवसांत.
भांडण नको म्हणून कालपासून विहिरीकडं गेलो नाही, घरात प्यायला थेंब नाही. सुनंदा म्हणते, तोंड लावू नका.
घागर अजून तिथंच.