सुपातून दिलेली नोरा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. गावात सातवी पास झालेली सून मी एकटीच. सगळ्यांची पत्रं मीच लिहून द्यायची. स्वतःचं मात्र कुणाला लिहायची कधी सवयच लागली नाही.

आरमोरीच्या अलीकडचं आमचं धानाचं गाव, आणि त्याच्या टोकाला मिशनचा कौलारू दवाखाना. तिथे तुम्ही एकट्या नर्स. लोक तुम्हाला इंग्रजीण म्हणायचे, आणि तुम्ही सुई उकळता उकळता चिडून सांगायचात, "इंग्रज नाई मी, आयरिश. आमच्यावर बी त्याइचंच राज होतं." आमची बोली तुम्ही बाळंतिणींकडून उचलली होती. त्या गोऱ्या तोंडातून "काऊन रडून राह्यली?" ऐकलं की रडणारी बाईसुद्धा हसायची. मी मात्र त्या दिवसांत हसत नव्हते. माझी पहिली पोर पंधराव्या दिवशी गेली. दुसरी तीन महिन्यांची झाली, माझ्याकडे पाहून हसायला लागली आणि मग गेली. दोघींची नावं पंचांग पाहून ठेवली होती, चांगली देवीची नावं. तिसरी तुमच्या हातावर झाली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पाहिलं तर तीही जाईल, एवढंच डोक्यात होतं.

सुपाचं सासूबाईंनी ठरवलं. आमच्याकडे मुलं जगत नसली की नवं मूल सुपात घालून परक्याला देऊन टाकतात. नाव त्या परक्याने ठेवायचं. मग त्याला मूठभर कोंडा द्यायचा आणि मूल परत घ्यायचं. मूल आपलं राहिलं नाही, म्हणून आपल्या घरावर डोळा ठेवून असलेलं मरण त्याला ओळखत नाही. "या बाईपरीस परकं कोन हाय गावात?" असं सासूबाईंचं म्हणणं.

बाराव्या दिवशी सकाळी मी सूप तुमच्या पायरीवर ठेवलं आणि शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "बाई, ही पोर तुमची. आमची नाई."

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, मग सासूबाईंकडे. "मले देऊन राह्यली?"

"तुमाले."

"खरंच?"

"खरंच."

बाई, तसंच म्हणायचं असतं. हा नुसता रिवाज आहे असं तोंडाने बोललं की सगळंच वाया जातं. म्हणून मी ते सांगितलं नाही. तुम्ही सूप आत नेलंत. बराच वेळ आतून खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. बाहेर आलात तेव्हा पोर तुमच्या खांद्यावर होती.

"नाव बी तुमीच ठेवा," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचंच नाव ठेवा. तुम्ही ते औषधाच्या पुडीवर इंग्रजीत लिहून दाखवलंत. एवढी अक्षरं, आणि निम्मी तर बोलायचीच नाहीत. "जहाजावर चुकलं, पोस्टात चुकते, सायब बी चुकते. हिचं नाव कोनी बिघडवाचं नाई. माझ्याच देशाचं ठेवू, पन लिहाले सोपं." आधी तुम्ही 'उना' म्हणालात. सासूबाई दचकल्या. "उना? आमच्यात उना मंजे कमी. दोन कमी झाल्या तेवढ्या पुरे." मग तुम्ही 'नोरा' म्हणालात. मी पुडीच्या कोपऱ्यात ते मराठीत लिहून पाहिलं. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, वेलांटी नाही.

"नवरा?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगे माय! ही दारात उभी राहून पोरीले हाक मारन, अन् लोक मनतीन, नवऱ्याले बोलावून राह्यली!"

घोटाळा लक्षात आला तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसलात. दुसरं नाव शोधू का, असंही विचारलंत. पण सासूबाईंना आता तेच हवं होतं. "राहू द्या. लोक हसतीन त हसू द्या. हसन्यासारख्या नावाले नजर नाई लागत."

मग मी कोंड्याची मूठ पुढे केली. "हे काय?" तुम्ही विचारलंत. सासूबाईंनी रिवाज समजावून सांगितला. तुमच्यामागे दार उघडं होतं. आत औषधाचं एक खोकं रिकामं केलेलं मला दिसलं, त्यात पांढऱ्या चादरीची घडी घातलेली. मी ते पाहिलं आणि तरी हात मागे घेतला नाही. तुम्ही पोर माझ्याकडे दिलीत, कोंडा घेतलात. तो कुठे ठेवावा हे तुम्हाला कळेना. "मले वाटलं..." एवढंच म्हणालात आणि आत गेलात.

नोरा जगली. ते खरं.

पण त्याच वर्षी रोवणीच्या दिवसांत तुम्ही तापाने पडलात. सगळे धान लावायला बांधीत गेले आहेत, घरात मी एकटी. भर दुपारी दवाखान्याची दाई दारात उभी आहे. "बाई बोलावतेत. नोराले एकदा पाहाचं मनतेत." मरण तुमच्या खाटेपाशी बसलं असेल, पोर तिथे नेली की ते तिलाही ओळखेल, असं मला वाटतं. आणि दुसरी भीती त्याहून मोठी आहे. तुम्ही तिला मागितलंत तर? एकदा तर ती मी तुम्हाला, खरंच म्हणून, दिलीच होती.

दोन दिवसांनी तुम्ही गेलात. नोरा आता स्वतः तीन लेकरांची आई आहे. तुम्ही तिला शेवटचं पाहिलं होतं असं तिला वाटतं, कारण मी तसं सांगितलं आहे. हा कागद मी तिला दाखवणार नाही. कुठे पाठवायचाही प्रश्न नाही.

त्या दिवशी दाईला मी म्हटलं, पोर झोपली आहे, उठली की आणते. पोर माझ्या मांडीवर जागी होती, बाई.