तिसरी ओळ

सोमवार, ३ तारीख
लागली बाई एकदाची नोकरी! वेबसाइटवरच्या लिंक तपासणारा एक प्रोग्रॅम आहे. माझं काम म्हणजे त्याला मुद्दाम वाकड्यातिकड्या लिंक खायला घालायच्या: मध्येच मोकळी जागा, एकाऐवजी दोन टिंबं, तिरकी रेघ गायब. त्याने 'बाद' म्हटलं की तो पास. मॅडम म्हणाल्या, लिंकमध्ये नावं कुठलीही घाला. रोज सकाळी नऊला एकेक ओळ आपोआप चालेल. मग काय, घरचीच माणसं घेतली! पहिली घरमालकीणकाकू, दुसरा आतेभाऊ, तिसरी आमची ताई. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिच्या नावात जास्तीचं टिंब घातलं आणि एकटीच खुदकन हसले.

मंगळवार, ४
काकूंची ओळ बाद. शहाणा आहे प्रोग्रॅम! संध्याकाळी नळावरून कटकट ऐकू आली नाही, म्हणून काकांना विचारलं, काकू कुठे गेल्या? काका म्हणाले, कुठल्या काकू? माझं लग्नच झालं नाही. ही काय चेष्टा करायची वेळ! पण दोरीवर काकूंचं एकही लुगडं नव्हतं.

बुधवार, ५
आतेभाऊ बाद. आत्याला फोन केला. ती म्हणाली, मला मूल असतं तर आणखी काय हवं होतं? लहानपणी त्याने माझी वेणी कात्रीने कापली होती. खरं लिहिते, क्षणभर मला बरंच वाटलं. मग यादी पुन्हा उघडली. उद्या ताई.

गुरुवार, ६
मॅडमचे पाय धरले. ओळ काढता येत नाही म्हणाल्या, हवी तर दुरुस्त करा. पण रोज एक बाद लागतेच. ओळ बरोबर निघाली तर प्रोग्रॅम लिहिणारीलाच घेतो. या खुर्चीत आधीही कुणीतरी होतं, कोण ते आठवत नाही, म्हणाल्या. आणि चहा ढवळत बसल्या.
नऊला दोन मिनिटं. टिंब खोडलं.
'बरोबर.' ताई वाचली!

दुपार
ताईच्या घरी. कोण हवंय, म्हणाली. ती एकुलती एक आहे म्हणे. भिंतीवर फोटो — कडेवर मूल घेतल्यासारखा हात वाकवून उभी — हात रिकामा. मी रडले तर पाणी दिलं. दार लावलं.

पायरीवर —
आत फोनवर सांगतेय, कुणी वेडसर बाई आली होती, नाव विचारलं तर नुसती बघत राहिली —
होतं मला नाव. तिनेच ठेवलेलं. जेवायला हाक मारायची तेव्हा —
काय म्हणायची ताई मला —